दुपारचा हेंडगा

"आधी आंबील, मग घसरगुंडी!" गिरिजाआज्जीनं बजावलं, पण सोमू ऐकेल तर शपथ! सहा वर्षांचा पठ्ठ्या सकाळपासून वडाच्या मचाणाखालून हलत नव्हता. मचाणापासून तळ्याकाठापर्यंत तार ताणलेली. पट्ट्यानं लटकायचं आणि सुर्रकन खाली! येळवसची, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाची पहिली फेरी सोमूची, असा शब्द बंडप्पामामानं दिला होता. धाकट्या भावावर नजर ठेवायचं काम मात्र बारा वर्षांच्या शिवप्रियाच्या गळ्यात पडलं होतं.

मुरुमजवळच्या शेतावर मामानं पर्यटन केंद्र काढल्यापासून येळवस म्हणजे जत्राच! सोलापूरहून मोटारी भरून पाहुणे आले होते. ज्वारीत कडब्याची खोलीएवढी कोप उभी होती. आत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, माठात आंबील, परातीत शेंगा-पालेभाज्यांची भज्जी.

"प्रिया, सोमूची टोपी बघ!" शेजारच्या शेतातला योगीराज म्हणाला. तो तिच्याच वर्गातला. पांढऱ्या टोपीवर हळद शिंपडल्यागत पिवळे ठिपके पडले होते.

शिवप्रियानं वर पाहिलं. वडाच्या फांदीला हिरवी जाळी गुंडाळून वर झिरमिळ्या लावल्या होत्या. काल तर ती नव्हती!

"ही मधमाश्यांची शी हाय," ती पुटपुटली. "एवढी? म्हंजे वर..."

योगीराज सरसर मचाणावर चढला. त्यानं जाळीची कड जराशी उचलली आणि पांढराफटक होऊन खाली आला. "आग्यामोहोळ! सुपाएवढं!"

दोघं मामाकडे धावली. मामानं योगीराजचा कान असा पिरगाळला की तो कळवळला. "हळू बोल! पाहुणे पळवतो व्हय? म्हणून तर झाकलंय. मध काढणारा पुढल्या आठवड्यात येतोय. तवर माशा काय करत न्हायत!"

"पण मामा, हेंडग्याचा धूर..."

हेंडगा म्हणजे कडब्याची पेटती मशाल. दिवस मावळताना ती घेऊन पिकाभोवती धावायचं, ही येळवसची रीत. पण पाहुण्यांना परतायची घाई, फोटोला उजेड हवा. म्हणून मामानं यंदा हेंडगा भर दुपारी आणि तोही वडाखाली पेटवायचं ठरवलं होतं!

"गप!" मामानं तिच्या पाठीत धपाटा घातला. "एक शबूद काढलास तर सोमूची फेरी रद्द!"

शिवप्रियाला संतापानं रडू फुटलं. पण रडायला वेळ कुठं होता? सांगून न ऐकणारी माणसं खायला मात्र धावतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं डोळे पुसले आणि खच्चून ओरडली, "पांडवांचा परसाद! तिळाची पोळी कोपीतच मिळणार! संपत आली!"

झालं! पाहुणे एकमेकांना ढकलत कोपीत घुसले. योगीराजनं दारावर घोंगडी ताणली.

"सोमू कुठंय?" आत आज्जी किंचाळली.

सोमू मचाणावर होता. पट्टा बांधून, पाय हलवत! आणि खाली, पाहुणे फोटोला बाहेर यावेत म्हणून मामानं हेंडगा पेटवला होता.

धूर सरळ वर गेला. एक काळा लोट घोंगावत खाली कोसळला. पट्टा बांधणारा गडी मचाणावरून उडी टाकून पळाला. माशा मामाच्या कानांत, डोळ्यांवर, सदऱ्यात घुसल्या. बोंब ठोकत त्यानं हेंडगा भिरकावला, तो थेट कोपीच्या दिशेनं! योगीराज बाहेर धावला आणि आंबिलीचा अख्खा माठ त्यानं आगीवर फोडला. फस्स!

तोवर शिवप्रिया दुसरी घोंगडी पांघरून शिडी चढत होती. कपाळावर डंख, मानेवर डंख, ओठावर डंख! डोळ्यांपुढं काजवे चमकले. सोमू गुरासारखा ओरडत होता. तिनं त्याला घोंगडीत गुंडाळलं, दोन्ही मनगटं त्याच्या पट्ट्यात अडकवली आणि मचाणाला लाथ मारली.

सुर्रऽऽ! तळ्याकाठच्या भुशाच्या पोत्यांवर दोघं दाणकन आदळली. गुडघे फुटले. पट्टा सोडवून, सोमूला फरफटत तिनं पाण्याच्या मोटारीच्या खोलीत कोंबलं आणि दार लावलं.

"उघड! पोरी, मेलो!" बाहेर मामा दारावर डोकं आपटत होता.

तिनं दार किलकिलं केलं, मामाला गचांडी धरून आत ओढलं आणि घोंगडीनं त्याच्या पाठीवरच्या माशा झोडपायला सुरुवात केली. धपाधप! त्यांतले काही फटके माशा मेल्यानंतरचे होते, हे सांगायलाच हवं.

डॉक्टरकडे काटे काढून, सुया टोचून घेऊन सगळे संध्याकाळी शेतावर परतले, तेव्हा मामाचा चेहरा भोपळ्याएवढा झाला होता.

आज्जीनं त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "बंडप्पा, कोपीतल्या एकालाबी माशी चावली न्हाय. कुणामुळं?"

"पोरांमुळं," सुजलेल्या ओठांतून मामा कसाबसा म्हणाला. "चुकलं माझं. मोहोळ निघंस्तवर वडाखाली कुणी जायचं न्हाय."

"माझी फेरी पुन्हा पायजे!" सोमू म्हणाला. "आंधारात झाली ती! कायबी दिसलं न्हाय!"

सगळे हसले. आज्जी मात्र उठली. वडापासून पार दूर, ज्वारीच्या टोकाला जाऊन तिनं नवा हेंडगा पेटवला. घरात हा मान कायम मामाचा. तोही सवयीनं पुढं झाला.

आज्जीनं त्याचा हात बाजूला सारला. "शाबास पोरांनो! योगीराजा, पाणी घिऊन हिच्यासंगं धाव. प्रिया, आज मान तुजा."

शिवप्रियाच्या सुजलेल्या बोटांत मशालीचा बुडखा नीट मावेना. तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि दिवस मावळता मावळता पिकाच्या कडेनं धाव घेतली.