नव्या यकृतातला जुना भाडेकरू

घर पाडून नवं बांधावं, कुलूप उघडावं, आणि जुना भाडेकरू आत आधीच चहा पीत बसलेला असावा. असं होऊ शकतं का?

बारा वर्षांच्या रुबीनाला हे कोडं २०६१ साली मिरजेच्या एका इस्पितळात पडलं. तिचे नाना, म्हणजे आईचे वडील, पन्नास वर्षं सतारी बनवत आलेले. 'हिपॅटायटिस सी' या विषाणूने त्यांचं यकृत इतकं पोखरलं, की औषधाला वेळच उरला नाही. अपघातात गेलेल्या एका अनोळखी बाईंचं यकृत त्यांच्या घरच्यांनी दिलं, म्हणून नाना वाचले. आता चार महिन्यांनी रक्तात खूण दिसत होती, की नव्या यकृतालाही इजा होते आहे.

"माझ्या शरीरानं ते नाकारलं असणार," नाना म्हणाले. "त्या घरच्यांना काय तोंड दाखवू?"

"तोंड नंतर. आधी हात," तपासनीस म्हणाला आणि त्याने सुई टोचली. तपासनीस हा प्रयोगशाळेतला यंत्रमानव. त्याला विनोद कळत नसत, त्यामुळे ते करताना तो हसतही नसे.

"नाकारलं असेल, तर नकार दाबायच्या गोळ्या वाढव की," रुबीना म्हणाली.

"आणि विषाणू परतला असेल तर? त्या गोळ्या शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवतात. विषाणूला रान मोकळं. खूण एकच, उपाय उलटे. अंदाजाने चालणार नाही."

"पण विषाणू जुन्या यकृताबरोबर गेला ना?"

"यकृत बदललं. रक्त तेच आहे. तो रक्तातून फिरत होता, काही तासांत नव्या घरात शिरला असेल."

"मग प्रतिपिंडं (शत्रूला ओळखायला शरीराने बनवलेली प्रथिनं) शोध. आम्हाला शाळेत शिकवलंय."

"ती म्हणजे 'चोरांपासून सावध' ही पाटी. चोर गेला तरी पाटी राहते. मला चोरच हवा."

चोर सापडतो तो त्याच्या आरएनएवरून (विषाणूची घडण ज्यात लिहिलेली असते, तो धागा). तो इतका थोडा असतो, की दिसत नाही. म्हणून यंत्र त्यातल्या मजकुराच्या नकला काढतं. एकाच्या दोन, दोनाच्या चार.

"तीस वेळा दुप्पट केलं तर?" तपासनीसाने विचारलं.

रुबीनाने हिशोब केला. "शंभर कोटींच्या वर."

"आणि मुळात विषाणूच नसेल, तर नक्कल कशाची निघणार?"

रुबीना यंत्राकडे बघतच राहिली. दिसत नाही ते दिसेपर्यंत वाढवत न्यायचं, हे ज्याला सुचलं त्याला तिने मनातल्या मनात सलाम ठोकला.

आकडा आला. रक्ताच्या एका मिलिलिटरमागे साठ लाख विषाणू.

तरीही तपासनीस थांबला नाही. विषाणू आहे म्हणजे इजा त्यानेच केली, असं ठरत नाही. डॉक्टरांनी सुईने यकृताचा केसाएवढा बारीक तुकडा काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. शरीर यकृत नाकारतं तेव्हा पित्तनलिकांना मार बसतो. त्या स्वच्छ होत्या. इजा विषाणूचीच होती.

"एक गोष्ट जुळत नाही," तपासनीस म्हणाला. "नकार दाबायचं औषध रक्तात ठरल्यापेक्षा जास्त आहे."

नानांनी हवेतच खुंटी पिळल्यासारखी बोटं फिरवली. "तार सैल वाटली, की आम्ही खुंटीला अर्धा पीळ जास्त देतो. अंगात मरगळ वाटली, म्हणून रोज अर्धी गोळी जास्त घेतली. ते यकृत जाऊ नये म्हणून."

"नाना," रुबीना म्हणाली, "तुम्ही चोराला पंगतीला बसवलंत."

"पीळ आता डॉक्टर देतील," तपासनीस म्हणाला. "तुम्ही फक्त मरगळ कळवायची. विषाणूच्या गोळ्या बारा आठवडे. संपल्यावर आणखी बारा आठवड्यांनी पुन्हा तपासू. तेव्हाही नक्कल निघाली नाही, तर बरे झालात."

"म्हणजे शरीरानं नाकारलं नाही?"

"नाही. तुमचं आणि त्या यकृताचं उत्तम जमलंय."

सहा महिन्यांनी यंत्राने कितीही धडपड केली, तरी एकही नक्कल निघाली नाही. त्या संध्याकाळी नानांनी रुबीनाला कागद घ्यायला सांगितलं. पत्र त्या बाईंच्या घरच्यांना इस्पितळामार्फत जाणार होतं, त्यांचा नाव-पत्ता नानांना ठाऊक नव्हता.

"लिही," नाना म्हणाले. "तुमच्या बाई माझ्याकडे सुखात आहेत. मध्ये थोडा त्रास झाला. चूक माझी होती, त्यांची नव्हती."