पिवळ्याची पारख

दंडोबाच्या माथ्यावर गाडी थांबली तेव्हा नुकतं झुंजूमुंजू व्हायला लागलं होतं. गाडीतून एकेक करत नऊ माणसं उतरली. नऊही जणांच्या डोळ्यांवर काळे गॉगल, अंगात स्वेटर, कानाला मफलर नाहीतर पदर, आणि गळ्यात एकसारखा कॅमेरा. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारपणी फोटोची हौस भागवायला कुणीतरी सहल काढली आहे. सहल होतीच म्हणा. चहाचा थर्मास होता, चिवड्याचा डबा होता, आणि पिशवी कुणाची कुणाकडे गेली यावरून एक छोटा घोळही घालून झाला होता. पण ही सगळी मिरजेच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातली पेशंट मंडळी होती, आणि त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा शेवटचा टप्पा आज इथं डोंगरावर पार पडायचा होता.

पूर्वी मोतीबिंदू काढला, भिंग बसवलं की काम संपायचं. आता ‘जुळतं भिंग’ आलं होतं. ते डोळ्यात बसवल्यावर आठ दिवस मऊ राहायचं आणि तेवढ्या दिवसांत बाहेरून त्याचे रंग कमीजास्त करता यायचे. आठव्या दिवशी दुपारपर्यंत ते आपोआप घट्ट व्हायचं, असेल तसं, जन्मभरासाठी. म्हणून आठव्या दिवशी पहाटेच पेशंटांना उंचावर आणायचं. सूर्य उगवताना राखाडीपासून सोनेरीपर्यंत झाडून सगळे रंग अर्ध्या तासात डोळ्यांपुढून जातात. दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात ती ताकद नव्हती.

मंडळींना घेऊन आलेली शाहीन मुजावर ही दवाखान्यातली तंत्रज्ञ. वय सव्वीस, आवाज खणखणीत, आणि म्हाताऱ्या माणसांना एकच गोष्ट चारदा सांगायची तयारी. कॅमेऱ्याच्या मागं एक छिद्र होतं. त्याला डोळा लावला की समोरच्या आकाशाचं चित्र सुईएवढ्या बारीक किरणानं थेट डोळ्याच्या पडद्यावर पडायचं, भिंगाचे रंग त्यात मिसळायचे नाहीत. म्हणजे छिद्रात दिसेल ते अस्सल, आणि उघड्या डोळ्यांना दिसेल ते भिंगातून आलेलं. दोन्हींत फरक वाटला तर बाजूच्या तीन खुंट्या फिरवायच्या, लाल, हिरवी आणि निळी. खुंटी फिरेल तसं डोळ्यातलं भिंग बदलायचं. आकाश छिद्रातल्या चित्राशी तंतोतंत जुळलं की बटण दाबायचं, मग आपल्या डोळ्यांना आकाश जसं दिसतंय तसा फोटो मागच्या पडद्यावर उमटायचा. तो नोंदीसाठी. शाहीननं हे सगळं गाडीत दोनदा सांगितलं होतं, वर आल्यावर तिसऱ्यांदा सांगितलं, आणि सगळ्यांनी समजल्यासारख्या माना डोलावल्या. फोटो आम्हाला मिळणार का, असं एका मास्तरांनी विचारलं. मिळेल की, मोबाइलवर पाठवते, असं ती बोलून गेली. घोटाळा झाला तो तिथंच, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही.

नऊ जणांत एक जोडपं होतं, बाबगोंडा चौगुले आणि त्यांची बायको पद्मावती. सुनेची दोनदा धावपळ नको म्हणून दोघांनी ऑपरेशन एकाच दिवशी करून घेतलं होतं. बाबगोंडांची सगळी उमर सांगलीच्या हळदीच्या सौद्यात गेलेली. हळकुंड मोडायचं, आतला गाभा एकदा बघायचा आणि माल कसला आहे ते सांगून टाकायचं, एवढंच त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. वरून रंग चढवलेली हळद ते पोत्याचं तोंड उघडताच ओळखायचे. गेल्या दोन वर्षांत मोतीबिंदूनं ती नजर धुऊन नेली होती. ती परत यावी म्हणून त्यांनी हट्टानं हे महागाचं भिंग निवडलं.

पण चार दिवसांपूर्वी पट्टी निघाली तेव्हा भलतंच झालं. समोर बसलेली पद्मावती त्यांना पिवळी दिसत होती. चेहरा तर सोडाच, डोळ्यांतला पांढरा भागही. त्यांनी हळूच विषय काढून पाहिला, तर ती हसायला लागली. सगळा जन्म हळदीत गेलाय, पिवळी नाही तर काय निळी दिसणार, असं म्हणून तिनं त्यांच्या हातात चहाचा कप दिला. तिला दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, डोळ्यांवर सदा काळा गॉगल असल्यानं घरात आणखी कुणाला काही दिसलं नव्हतं, आणि ऑपरेशनच्या महिनाभर आधी तपासलेलं रक्तही चांगलं निघालं होतं. तेव्हा बाबगोंडांनी स्वतःची समजूत घातली की भिंग अजून कच्चं आहे, खोट भिंगात आहे, डोंगरावर गेलं की निघेल. आपला डोळा चुकीचा ठरू दे म्हणून देवाला हात जोडून आलेला पेशंट आज गाडीत आहे, याची शाहीनला काही कल्पना नव्हती.

पावणेसातच्या सुमारास पूर्वेला पवनचक्क्यांच्या मागं रंग चढायला लागला. शाहीननं गॉगल काढायला सांगितले. सगळे कठड्याशी ओळीनं उभे राहिले, कॅमेरे वर झाले, खुंट्या कुरकुरायला लागल्या. कुणी छिद्राला डोळा लावत होतं, कुणी नुसतं समोर बघत होतं, कुणी शेजाऱ्याच्या पडद्यात डोकावत होतं. मग एकामागून एक बटणं दाबली गेली आणि शाहीनच्या हातातल्या, कॅमेऱ्यांना जोडलेल्या टॅबच्या पाटीवर नऊ चौकोनांत नऊ सूर्योदय येऊन बसले.

आठ चौकोन नुसते पेटले होते. केशरी, गुलाबी, मध्ये जांभळा पट्टा, सूर्याभोवती लालभडक कडं. नववा बाबगोंडांचा. त्यात धुरकट आकाश, मळकट पिवळा उजेड आणि खाली थोडासा शेंदरी रंग, एवढंच. पाटीतल्या यंत्रानं स्वतःचं गणित मांडलं होतं. नऊही भिंगं एकाच घाण्यातली, म्हणजे खोट असेल तर सगळ्यांत सारखीच असणार. आठ जणांनी लाल खुंटी जवळजवळ सारखीच चढवली, नवव्यानं हातही लावला नाही. तेव्हा नववी जुळणी चुकली असण्याचा संभव मोठा, ती आठांच्या सरासरीवर आणावी का?

शाहीननं मान वर करून आकाशाकडं पाहिलं, तर आकाश केव्हाच पुढं सरकलं होतं. उगवतीचे रंग दोन मिनिटं एका जागी थांबत नाहीत. मगाशी ते नक्की कसं होतं? गुलाबी होतं का? होतं थोडं. जांभळं? असेल. तिनं हौसेनं काढलेला स्वतःच्या मोबाइलमधला फोटो उघडला, तर तो त्या आठांपेक्षाही भडक. डोळे तिचे जन्मजात, चष्मासुद्धा नाही, आणि तरी दहा मिनिटांपूर्वी बघितलेलं आकाश तिला सांगता येईना. तिनं बाबगोंडांना पुन्हा जुळणी करायला लावली. त्यांनी छिद्रात पाहिलं, वर पाहिलं, पुन्हा छिद्रात पाहिलं आणि दोन्ही सारखंच दिसतंय असं सांगितलं. फोटो पुन्हा तसाच मळकट आला. आठ जणांचं एकमत एकीकडे आणि हे एकटे एकीकडे. यंत्राचं म्हणणं न मानायला तिच्याकडे काही कारण उरलं नाही.

म्हाताऱ्याला वाईट वाटेल म्हणून तिनं आढेवेढे घेत सांगितलं की काका, तुमची रंगांची जुळणी चुकतेय, बाकी सगळ्यांचं वेगळं येतंय. बाबगोंडांनी पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

"म्हणजे माझाच डोळा चुकतोय? नक्की?"

"यंत्र तरी तसंच म्हणतंय, काका."

आणि ते हसले की. चांगले मोकळेपणी हसले, चहा मागून घेतला, चिवड्याची मूठ तोंडात टाकली आणि मला लगेच सगळ्यांच्या मापात बसव म्हणाले. शाहीन पार गोंधळली. ज्या माणसाचं नाव त्याच्या नजरेवर उभं, तो नजर चुकली म्हटल्यावर पेढे वाटायच्या बेतात कसा? तरी तिनं त्यांचं भिंग तात्पुरतं सरासरीवर आणलं. बाबगोंडांनी डोळे उघडले. सूर्य समोर होता, पण ते वळले ते बायकोकडं. तिचे गाल तांबूस दिसत होते आणि डोळे स्वच्छ पांढरे. त्यांनी तिचाच एक फोटो काढला. इश्श, चारचौघांत काय हे, असं म्हणत ती पदर सावरून बाजूला झाली. चार दिवसांनी पहिल्यांदा त्यांना पोटभर श्वास घेता आला.

आता फक्त नऊ भिंगं कायम करायची राहिली होती. शाहीननं पाटीवर बोट नेलं, आणि तेवढ्यात तिच्या कानावर पद्मावतीचं बोलणं पडलं. पद्मावती मास्तरांना सांगत होती की लाल खुंटी अजून जराशी फिरवा, म्हणजे फोटो सकाळी ग्रुपवर टाकण्यासारखा होतोय. शाहीनचं बोट तिथंच थांबलं. ती जवळ गेली आणि तुम्ही छिद्रात बघून जुळवलं का, असं विचारलं. छिद्रात एकदा बघितलं होतं, पद्मावती म्हणाली, पण त्यात काही मजा नव्हती.

"काकू, पण आकाश असं होतं का?"

"आकाश असं कुठं असतंय?" पद्मावती समजुतीच्या सुरात म्हणाली. "फोटो मात्र असाच असतोय की. आता तर आकाशबी तसंच दिसायलंय, लई छान."

शाहीननं बाकीच्यांना विचारलं, आणि थोड्याफार फरकानं सगळ्यांचं उत्तर तेच आलं. रोज सकाळी मोबाइलवर सुविचाराखाली येणारा सूर्योदय सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला होता, आणि प्रत्येकानं मन लावून, आपापल्या परीनं तोच काढला होता. नात खूश होईल, मुलगा परदेशातून शाबासकीच्या अंगठ्याची खूण पाठवेल, एवढाच हेतू. त्यात यंत्राला फसवायचं कुणाच्याही मनात नव्हतं. पण भिंग खुंटीबरोबर फिरत गेलं होतं, आणि आता आठ माणसं सगळं जग त्याच रंगात बघत होती. छिद्रावर भरवसा ठेवला होता तो फक्त एकानं, आणि त्यालाच तिनं चुकीचं ठरवलं होतं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

बाबगोंडा दगडावर बसून दुसरा चहा पीत होते. शाहीन त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसली. तिला वाटलं होतं ही बातमी त्यांना आवडेल.

"काका, चुकले ते बाकीचे. तुमची जुळणी बरोबर होती."

बाबगोंडांनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. पट्टी निघाल्यापासून बायको कशी दिसत होती, डोळ्यांत पिवळा कुठवर होता, कसल्या जातीचा होता. हळदीचा पिवळा आणि हा पिवळा वेगळा, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. कावीळ हा शब्द मात्र त्यांनी तोंडातून काढला नाही. तो शाहीनच्याच मनात आला, आणि न दुखता आलेली कावीळ या वयात किती वाईट असू शकते हे दवाखान्यात काम करून तिला माहीत होतं.

डोळ्यांत थेंब घालायचं निमित्त करून ती पद्मावतीकडे गेली. पापणी उचलून पाहिलं. सूर्य आता वर आला होता आणि त्याच्या कोवळ्या उजेडात सगळंच पिवळं होतं, पापणी पिवळी, कापूस पिवळा, शाहीनची स्वतःची बोटंही पिवळी. तिला काहीच ठरवता येईना. आठ जण चुकले म्हणून नववा बरोबर, असं तरी कुठं आहे? भिंग ठीक असेल, पण त्यामागं दोन वर्षं अंधुक बघून बिघडलेला मेंदू असेल, किंवा एका घाबरलेल्या माणसाचं मन असेल. ती परत आली तेव्हा बाबगोंडा तिच्या तोंडाकडं बघत होते.

"मला इथं नाही कळत, काका," ती म्हणाली. "रक्त तपासलं की कळेल. आजच तपासूया."

"आणि मी ह्या सरासरीवरच राहिलो तर?"

"तर तुम्हाला काकू नेहमी आता दिसतायत तशाच दिसतील."

"आजारी असली तरी?"

"असल्या तरी."

बाबगोंडांना त्या पोरीचा राग आला. अर्ध्या तासापूर्वी ते सुखी माणूस होते, आणि हिला गप्प बसायला काय झालं होतं? दुपारी भिंग आपलं आपण घट्ट झालं असतं आणि विषय संपला असता. समोरचं आकाश अजून त्या सरासरीतून लालभडक दिसत होतं. मग त्यांनी शेजारचा कॅमेरा उचलून तिच्या हातात दिला.

"माझं होतं तसं करून टाक. कायमचं."

तिनं भिंग पहिल्या जागी आणलं आणि कायम केलं. आकाश फिकं झालं, गवत वाळकं झालं, कठड्यावरचा चुना मळका झाला. बायको पाच पावलांवर होती, पण त्यांनी लगेच तिकडं मान वळवली नाही. खाली गेल्यावर गाडी आधी रक्ताच्या तपासणीला लाव, असं त्यांनी शाहीनला सांगितलं. ती उठायला लागली तेव्हा हलक्या आवाजात आणखी एक सांगितलं की सगळ्यांची भिंगं सुधार, पण पद्मावतीचं शेवटी घे.

शाहीननं एकेकाला पुन्हा छिद्राला डोळा लावायला बसवलं. फार कुरकुर झाली. एवढा छान आलेला फोटो कशाला बिघडवतेस, असं मास्तर दोनदा म्हणाले. एकेक जण तोंड पाडून उठत होता आणि सकाळच्या साध्या, धुरकट उजेडात गाडीकडं चालायला लागत होता.

आपला नंबर यायची वाट बघत पद्मावती नवऱ्याजवळ येऊन दगडावर बसली. तिच्या डोळ्यांपुढं अजून सगळं गुलाबी होतं, डोंगर, रस्ता, नवरासुद्धा. तिनं त्यांच्या मफलरचं टोक सरळ केलं.

"अहो, तिकडं काय बघताय? माझ्याकडं बघा की जरा. नव्या डोळ्यांनी कशी दिसतीय मी?"