नॉरविकच्या घरखुणा

“हा माझ्या वडिलांचा नाही,” मिसेस बॅकमन म्हणाल्या. हातातला लाकडी ठोकळा त्यांनी पुन्हा भिंतीवरच्या खुंटीला अडकवला. “तीन महिने सांगतेय मी. कुणी ऐकतच नाही.”

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मिस्टर हॅस्किलनी मुलांकडे पाहून डोळा मिचकावला आणि स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. म्हातारीचं डोकं चालत नाही, असा त्याचा अर्थ होता. नेत्राला तो इशारा मुळीच आवडला नाही. वर्षभरात तिची दोन जॅकेटं हरवली होती, तेव्हापासून घरात काहीही सापडेनासं झालं की ‘नेत्राच विसरली असेल’ असं ठरूनच गेलेलं असायचं.

शाळा संपून दोनच दिवस झाले होते. आयसेलिनमधल्या घरून गाडीने नेत्रा, तिचा धाकटा भाऊ ऋषी आणि मैत्रीण अदिती अमेरिकेच्या मेन राज्यातल्या नॉरविक गावी आली होती. बरोबर अदितीचे आईबाबा, म्हणजे रत्नामावशी आणि गिरीशकाका होते. चाळीसेक घरांचं ते गाव. शंभर वर्षांपूर्वी फिनलंडच्या किनाऱ्यावरून आलेल्या कोळ्यांनी ते वसवलं होतं. देश फिनलंड, पण त्यांची बोली स्वीडिश. आता ती बोली येणाऱ्या एकट्या मिसेस बॅकमनच उरल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, नजर अधू.

धक्क्यावरची जाळी ठेवायची लाल शेड हेच गावाचं वस्तुसंग्रहालय. जाळं पाण्यावर तरंगतं ठेवणारे अकरा ठोकळे तिथे टांगलेले होते. प्रत्येक घराची एक खूण असे, ती त्या घरच्या ठोकळ्यावर कोरलेली असे. खूण पाहिली की जाळं कुणाचं ते कळायचं.

हॅस्किल बाहेर गेल्यावर नेत्राने हळूच एका ठोकळ्याला बोट लावलं. बोट किंचित चिकटलं.

“ऋषी, वास घे.”

ऋषीने नाक खुपसलं. “हार्डवेअर स्टोअरसारखा येतोय. व्हार्निश.”

“शंभर वर्षं समुद्रात भिजलेल्या लाकडाला?”

“जुन्यांना डांबराचा वास होता,” मिसेस बॅकमन म्हणाल्या. “हात लावला की बोटं काळी व्हायची.”

“या शेडची किल्ली कुणाकडे असते?” अदितीने विचारलं.

“माझ्याकडे आणि हॅस्किलकडे. तो संग्रहालयाच्या समितीचा प्रमुख आहे. शनिवारी मिडसमरच्या, उन्हाळ्याच्या मध्यावरच्या सणाच्या जेवणानंतर माझी किल्ली काढून घ्यायची, असं समितीत ठरणार आहे. मला आठवत नाही म्हणे.” असं म्हणून त्या खिडकीची काच पुसू लागल्या. काच स्वच्छच होती.

तिघं बाहेर पडली.

“चोर हॅस्किलच आहे,” ऋषी म्हणाला.

“यार, असं एकदम नाही म्हणता येत,” अदिती म्हणाली. “प्रूफ हवं.”

“पण वागतो बघ कसा,” नेत्रा म्हणाली. हॅस्किलचा पिकअप ट्रक समोरच उभा होता. मागे निळी ताडपत्री बांधलेली होती. ऋषी सहज जवळ गेला, तर हॅस्किल लांबूनच ओरडले, “हात लावू नकोस तिथे.” मग घाईघाईने ट्रक घेऊन ते वळणावरच्या नव्या रेस्टॉरंटकडे निघून गेले.

“एवढं काय झाकलंय त्यात?” नेत्रा पुटपुटली.

संध्याकाळी सहालाच तिने हट्ट धरला, “काका, आज त्या नव्या रेस्टॉरंटमध्ये जेवू या ना.”

“तिथे मला बटाट्याशिवाय काय मिळणार?” रत्नामावशी म्हणाल्या, पण आल्या. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. पिकअपही दारातच होता, ताडपत्री सोडलेला आणि आत नुसत्या खुर्च्या. म्हणजे ट्रकचा संशय फुकट गेला होता. नेत्राचा चेहरा पडला.

“नेत्रा, वर बघ,” ऋषी कुजबुजला.

टेबलाच्या वर टांगलेल्या दिव्याभोवती काळपट लाकडी ठोकळे लोंबत होते. नेत्रा खुर्चीवर चढली.

“अगं, खाली उतर, लोक बघताहेत,” रत्नामावशी दटावत होत्या, पण नेत्राचं लक्ष नव्हतं. डांबराचा उग्र वास. आणि लाकडात खोल कोरलेली, माशाच्या काट्यासारखी एक खूण.

रेस्टॉरंटची मालकीण टेस धावत आली. नेत्राने तिला सगळं सांगितलं तशी ती गोरीमोरी झाली. “हॅस्किल म्हणाले, संग्रहालयात जास्तीचे आहेत, शोभेला घे. मला खरंच ठाऊक नव्हतं. तुम्ही आत्ता घेऊन जा.”

“आत्ता नको,” नेत्रा म्हणाली. “ते म्हणतील, जुनी लाकडं सगळी सारखीच दिसतात. शनिवारी तुम्हीच घेऊन याल का?”

दुसऱ्या दिवशी अदितीने गिरीशकाकांच्या डिजिटल कॅमेऱ्याने शेडमधल्या एका जुन्या वहीचे फोटो काढले. वहीत प्रत्येक घराची खूण काढून पुढे नाव लिहिलेलं होतं. अक्षर इतकं बारीक, की मिसेस बॅकमनना ते कित्येक वर्षांत दिसलेलं नव्हतं.

शनिवारी धक्क्यावर जहाजाच्या डोलकाठीएवढा खांब पानाफुलांनी सजवून उभा केला गेला. खारवलेले मासे, नवे बटाटे, स्ट्रॉबेरी असं जेवण झालं आणि समिती बसली.  नेत्रा पुढे झाली.

“मिस्टर हॅस्किल, मला सुट्टीनंतर शाळेत रिपोर्ट द्यायचाय. कुठली खूण कुठल्या घराची ते सांगाल?”

“का नाही?” हॅस्किल खूश झाले. भिंतीवरचे तीन ठोकळे काढून आणत म्हणाले, “हा बॅकमन, हा लुंडेल, हा स्ट्रँड.”

अदितीने कॅमेरा समितीच्या मिस्टर लुंडेलपुढे धरला. “सर, या वहीत यातली एकही खूण नाही.”

लुंडेलनी फोटो मोठा करून पाहिला. आपल्या आडनावापुढे होता नांगर. समोरच्या ठोकळ्यावर मात्र चांदणी होती.

“स्वीडिश वही. कुणाला वाचता येते ती?” हॅस्किल हसले, पण हसू ओढूनताणून आणलेलं होतं.

तेवढ्यात टेस खोकं घेऊन आली. मिसेस बॅकमननी एकेक ठोकळा हातात घेतला, डोळे मिटून खुणेवरून अंगठा फिरवला आणि नाव सांगत गेल्या. “स्ट्रँड. लुंडेल. हा ऑकेरहोल्म, यांची बोट हिरवी होती.” ऋषी कॅमेऱ्यात बघून दर वेळी “बरोबर” म्हणत होता. अकराच्या अकरा जुळले. काट्याच्या खुणेवर, आपल्या वडिलांच्या खुणेवर, त्यांचा अंगठा थांबला, आणि त्या वेळी त्यांनी नाव घेतलंच नाही.

हॅस्किलनी टोपी काढली. “डांबराने पाहुण्यांचे कपडे खराब होत होते. मी नवे मागवले, त्यांवर काहीबाही खुणा डागून घेतल्या. वाटलं, कुणाच्या लक्षात येणार? मग ही एलिन बॅकमन विचारू लागली, आणि मला कबूल करायची लाज वाटली.”

“म्हणून मला विसराळू ठरवलंस,” मिसेस बॅकमन शांतपणे म्हणाल्या. तेवढ्याने हॅस्किलची मान आणखी खाली गेली.

लुंडेलनी किल्लीवरची चर्चा तिथेच रद्द केली आणि मुलांकडे वळून म्हणाले, “समितीतले आम्ही पाच जण इथेच जन्मलो, तरी आम्हाला हे दिसलं नाही. तुम्ही तीन दिवसांत दाखवलंत. गाव तुमचं ऋणी आहे.” गिरीशकाकांनी नेत्राच्या पाठीवर थाप मारली. “वेंधळी म्हणायचो ना आम्ही हिला? शब्द मागे घेतला.”

रविवारी निघताना मुलं शेडमध्ये गेली. मिस्टर हॅस्किल स्टुलावर बसून वहीतल्या खुणा पाठ करत होते. मिसेस बॅकमन त्यांच्या चुका काढत होत्या.

नेत्राने जाता जाता विचारलं, “सगळे म्हणत होते, तरी तुम्हाला स्वतःबद्दल कधी शंका नाही आली?”

“आली ना,” मिसेस बॅकमन म्हणाल्या. “या आठवड्यात तर मी मान्यच करणार होते. किल्ली पाकिटात घालून ठेवली होती. मग तू आलीस आणि मला काही समजावण्याआधी ठोकळ्याला हात लावून पाहिलास.”