भेंडी गटाची एकशे बेचाळीस माणसं

शनिवारी दुपारी लातूरच्या बसस्थानकात नांदेडची गाडी लागायला उशीर होता, आणि वर्षाराणी मांडीवरच्या लॅपटॉपशी भांडत बसली होती. तोंडानं काही बोलत नव्हती. पण एकच कळ ती इतक्या जोरानं दाबत होती, की शेजारी बसलेल्या मुलानं अखेर मान वळवली.

"आठच नावं येतायत का?"

तिनं झाकण अर्धं खाली ओढलं. दुसऱ्याच्या पडद्यावर बघायची ही कोणती रीत... पण आकडा त्यानं बरोबर सांगितला होता. एकशे बेचाळीस माणसांची नावं भरली होती आणि छापून येत होती फक्त आठ. तीन दिवस हेच चाललं होतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"रुबी भाषेतला प्रोग्रॅम आहे ना तो? माझं कामच ते आहे." मग जरा ओशाळून म्हणाला, "माफ करा. बघायला नको होतं."

त्याचं नाव श्रीनाथ. घर नांदेडला, वडील शाळेत मास्तर, आणि हा लातुरात एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होता; दर शनिवारी घरी जायचा. वर्षाराणी मुखेड तालुक्यातल्या एका खेड्याची, घरी कोरडवाहू शेती. लातूरला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि रुबी दोन महिन्यांपासून मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकत होती. कशासाठी, ते तिनं लगेच सांगितलं नाही. गाडी चाकूरला पोचल्यावर सांगितलं. कारण तोवर तो खिडकीची जागा तिला देऊन, मध्ये बॅग ठेवून गुमान बसला होता, आणि पडद्याकडे त्यानं पुन्हा एकदाही पाहिलं नव्हतं.

मागच्या वर्षी तिच्या वहिनीला बाळंतपणात रक्त लागलं. भाऊ तालुकाभर फिरला. वहिनी वाचली, पण मागून कळलं, की त्याच गटाचा माणूस दोन घरं सोडून राहत होता. कुणाला ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून तिनं गावच्या आशा कार्यकर्तीला, पंचशीलाताईला सोबत घेऊन चार गावांतून यादी जमवली होती. गट टाकला, की रक्त द्यायला तयार असलेल्यांची नावं यावीत, एवढंच तिला हवं होतं. आणि उद्या सकाळी ते गावच्या शाळेत लोकांसमोर दाखवायचं होतं.

श्रीनाथनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता बघू का?"

तिनं लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

"हॅश म्हणजे चिठ्ठ्या लावलेले डबे समजा," तो म्हणाला. "तुमच्या एका डब्यात एकच नाव मावतंय. बी पॉझिटिव्हचा दुसरा माणूस आला, की पहिला बाहेर. म्हणून आठ गट, आणि आठच माणसं... शेवटी आलेली."

तीन दिवसांची गाठ अशी एका वाक्यात सुटली. तिला इतकं हलकं वाटलं, की ती त्याच्याकडे बघून मोकळं हसली – आणि तो पुढचं वाक्य विसरला.

प्रत्येक गटाला सुरुवातीला एक रिकामी यादी मिळेल, मग नावं तिच्यात पडत जातील, अशी एक ओळ त्यानं घाईघाईनं लिहून दिली. तेवढ्यात अहमदपूर आलं. तिला तिथं उतरून मुखेडची गाडी धरायची होती. त्यानं तिकिटाच्या मागं नंबर लिहिला. नाही चाललं तर कळवा म्हणाला. चालेलच, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मुखेडच्या गाडीत बसल्या बसल्या तिनं ते चालवलं. पडद्यावर दोन कंस आले. मध्ये काही नाही.

तिनं निरोप पाठवला. "आधी आठ तरी होते. आता एकबी न्हाई. लई उपकार झाले."

त्याची गाडी लोह्याला पोचायच्या आधीच त्याचं उत्तर आलं. माफी होती, आणि एखाद्या गटाचं नाव टाकून बघा, असं होतं. तिनं ओ पॉझिटिव्ह टाकलं. एकशे बेचाळीस नावं आली. एबी निगेटिव्ह टाकलं. तीच एकशे बेचाळीस. गरजेच्या वेळी भलत्याच माणसाला फोन जायचा, आणि वेळ निघून जायची... त्यापेक्षा आठ बरे होते.

ती घरी पोचली तेव्हा दिवस मावळतीला होता. श्रीनाथचे निरोप येत होते: बघतोय, सापडत नाही, थोडं थांबा. ओसरीवर तिची आई पार्वतीबाई भेंड्या चिरत होती. वर्षाराणी तिच्याशेजारी बसली आणि निव्वळ रागानं तिनं गट म्हणून 'भेंडी' टाकलं.

सरपंचापासून पोस्टमनपर्यंत एकशे बेचाळीस माणसं भेंडी गटाची निघाली.

ती हसत सुटली. आईनं विचारलं, काय झालं. आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं तशी ती एकदम थांबली. जो गट जगात नाही, त्यातही सगळे? म्हणजे डबे झालेच नव्हते. एकच यादी होती, आणि जो डबा नाही तो मागितला, की रुबी तीच यादी पुढं करत होती. नावं भरतानाही तसंच झालं होतं: सगळी त्या एकीत. म्हणून छापायला गेलं तर डबे शून्य, आणि विचारायला गेलं तर गावच्या गाव हजर.

मग प्रत्येक गटाला त्याची स्वतःची, नवी यादी द्यायची आणि ती तिथंच ठेवायची, हे कसं सांगतात? तिनं शोधलं. एवढीशी ओळ होती. ती लिहिली, चालवली, आणि पडद्यावर आठ गट उतरले, एकाखाली एक, आपापल्या माणसांना घेऊन. तिनं बोट लावून माणसं मोजली. एकशे बेचाळीस. भेंडीत कुणी नाही.

तिनं फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "मी दिलेली ओळच चुकीची होती. दोन वर्षं हेच काम करतोय, आणि हे मला आज तुमच्याकडून कळतंय."

त्याला सुनवायला म्हणून तिनं एक टोमणा तयार ठेवला होता. तो तसाच राहिला. घरात, कॉलेजात, कुठंही तिनं कुणा पुरुषाला हे वाक्य इतकं सरळ म्हणताना ऐकलं नव्हतं... सबब नाही, पण नाही, परंतु नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत यादी चालली. लोकांनी स्वतःचं नाव पडद्यावर बघायला रांग लावली.

त्यानंतरच्या शनिवारी तो बसस्थानकात तिच्या आधी येऊन बसला होता. त्याच्या पुढच्याही शनिवारी. नांदेडची आधीची, रिकामी गाडी तो सोडून देतो, हे तिसऱ्या शनिवारी तिच्या ध्यानात आलं. तिनं विचारलं तर म्हणाला, त्या गाडीला धक्के लई बसतात. लातूर ते अहमदपूर ती त्याला शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खायला घालायची, आणि तो तिच्या नव्या ओळी वाचायचा. पण बोट लावायचा नाही. "सांगा तुम्हीच, कुठं अडलं," म्हणायचा. मधली बॅग कधी मांडीवर गेली, दोघांनाही कळलं नाही. अहमदपूर मात्र दर वेळी जरा लवकरच यायचं.

असं दिवाळीनंतरपर्यंत चाललं. मनातलं कुणीच बोललं नाही. एकदा तो म्हणाला, "वर्षाराणी, मी तुम्हाला एक..." आणि कंडक्टरनं अहमदपूर म्हणून हाक दिली.

मग तो शनिवार आला. गाडीनं शिरूर सोडलं आणि पंचशीलाताईचा फोन आला. शेजारच्या गावची एक बाई बाळंतपणाला मुखेडहून नांदेडला हलवली होती. ताई तिच्यासोबतच दवाखान्यात होती. बी निगेटिव्ह लागत होतं. रक्तपेढीत नव्हतं. दोन माणसं पाहिजे होती, आणि लवकर.

वर्षाराणीनं लॅपटॉप उघडला. गाडी हलत होती, तसा त्यानं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. तिनं गट टाकला. तीन नावं आली. पहिल्याचं वय बसत नव्हतं. दुसरा भागवत, तो नांदेडलाच कामाला होता. त्यानं फोन उचलला आणि निघालोच म्हणाला. तिसरा शिवम, लोह्यात एका दुकानात होता. पण त्याच्याकडे जायला गाडी नव्हती.

"किती वाजता पोचते ही लोह्याला?" तिनं विचारलं. श्रीनाथ आधीच उठून ड्रायव्हरकडे गेला होता.

अहमदपूर आलं. कंडक्टरनं सवयीनं तिच्याकडे पाहिलं. ती उठली नाही. म्हणाली, "नांदेडचं तिकीट द्या." शिवमला तिनं फोनवर गाडीचा नंबर सांगितला. लोह्याला तो रस्त्यावरच उभा होता. गाडी पुरती थांबायच्या आत चढला.

नांदेडला श्रीनाथनं रिक्षा केली, दवाखान्याचा रस्ता सांगितला, चिठ्ठ्या घेऊन रक्तपेढीत पळाला. भागवत आला. दोघांचं रक्त घेतलं. मग वाट बघणं आलं. ती बाकावर ताठ बसून होती. हात बाकाच्या कडेला घट्ट. त्याचा हात येऊन शेजारी टेकला, करंगळीला करंगळी. तिनं काढला नाही.

दिवे लागायच्या वेळेला पंचशीलाताई बाहेर आली. डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होती. बाई शुद्धीवर होती. मुलगी झाली होती, आणि ती सगळा दवाखाना डोक्यावर घेऊन रडत होती.

वर्षाराणी पायऱ्यांवर आली आणि तिनं घरी फोन लावला. बाबांनी, भुजंगरावांनी, पहिल्या घंटीला उचलला. तिनं सगळं सांगितलं. रात्री पंचशीलाताईसोबत तिच्या बहिणीकडे थांबते म्हणाली. चांगलं केलंस, बाबा म्हणाले. मग विचारलं, एवढी धावपळ एकटीनं केली का?

श्रीनाथ तेव्हाच दोन चहा घेऊन पायऱ्या चढत होता. केस विस्कटलेले, शर्ट घामानं भिजलेला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि नजर हलवली नाही.

"न्हाई बाबा. श्रीनाथ म्हणून हायेत, ते संगं होते." तिनं एक श्वास घेतला. "मला आवडतात ते, बाबा."

चहा सांडला. थोडासाच. तो तिथंच, मधल्या पायरीवर उभा राहिला.

पलीकडे बाबा हळूच आईशी काही बोलले. आई काही म्हणाली. बाबा पुन्हा फोनवर आले, आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली. तिनं फोन कानाशीच ठेवला आणि श्रीनाथला म्हणाली, "बाबा विचारायलेत, उद्या सकाळी मुखेडची पहिली गाडी किती वाजता हाय?"

"साडेसहाला," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, या वेळी बाबांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "साडेसहाला. आम्ही दोघं येतो."