गालाला गार

"एकदाच भाजायचं म्हणे. कच्च्यालाच झिलई, कच्च्यालाच भट्टी. घाई कसली मेली," आई टेबलापलीकडून पुटपुटली. आईचं पुटपुटणं दोन खोल्या ओलांडून जाईल इतकंच हळू असे.

मातीचा पेला झिलईच्या, म्हणजे काचेसारख्या लेपाच्या, बादलीत बुडवत धाकटीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ही पद्धत थोरलीची. आधी भाजा, मग झिलई लावा, मग पुन्हा भाजा, त्यापेक्षा सगळं एकाच भट्टीत उरकायचं. फक्त भांडं पुरतं वाळलेलं हवं, नाहीतर झिलईचं पाणी पिऊन ते खचतं. म्हणून थोरली प्रत्येक भांडं गालाला लावून बघायची. गार लागलं, की आत ओल आहे.

दीड वर्षापूर्वी थोरली नदीकाठी माती आणायला गेली, ती गेलीच. घरात मात्र 'अजून आली नाही' असं म्हणायची सवय पडली होती. तिचं स्टूल जागचं हललं नव्हतं. धाकटीचं लग्नही 'थोरली आली की' या खुंटीला टांगलेलं. होणारा नवरा भला माणूस, पण भल्या माणसाचंही वय वाढतंच.

पहिल्यांदा ते एकाच पेल्यावर दिसलं. बुडाशी चार उघडे ठिपके. झिलईत बुडवताना बोटांनी धरलं की असे ठिपके राहतात, ते मागून ब्रशनं भरायचे असतात. विसरलो असू, असं धाकटीनं स्वतःला समजावलं. पण ती धरायची तीन बोटांनी. करंगळी लांब फाकवून चार बोटांनी धरणारी घरात एकच होती.

पुढच्या भट्टीत सहा पेले तसे निघाले. तिनं झिलई गाळून घेतली, हातमोजे घातले, शेवटी बुडवणंच सोडलं आणि पेले नुसत्या ब्रशनं रंगवले. तरी ठिपके आलेच. आता बुडाशी नाही, वर, पोटापाशी. आईला दाखवले, तर तिनं चष्मा पुसला आणि धूळ असेल म्हणाली. म्हणताना बघत होती स्टुलाकडे.

मग धाकटीनं एकच बरणी केली. दहा दिवस वाळवली. गालाला लावली, तर कोरडी, कोमट. आईनंही लावून पाहिली आणि मान डोलावली. त्याच दिवशी झिलई देऊन भट्टी पेटवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी उघडली. फडक्याशिवाय कशालाच हात लावता येत नव्हता.

बरणीच्या काठावर चार ठिपके होते. आतून बाहेर वळलेले. खालून वर येऊ बघणाऱ्यानं काठ धरावा तसे.

आईनं फडकं न घेताच बरणी उचलली. धाकटी पुढे धावली, पण आईचा हात भाजलाच नव्हता.

आईनं बरणी गालाला लावली. बराच वेळ तशीच धरली.

"गार आहे," ती म्हणाली.

तिच्या गालावर ओल्या मातीचे चार डाग उमटले होते.

आईनं बरणी अलगद स्टुलावर ठेवली.

"पाणी चढलंय म्हणत होती. मी म्हटलं, कारणं सांगू नकोस." आईनं गाल पुसला नाही. "ती बुडाली गं. मीच पाठवली तिला."