कर्नल प्रुइटची जोडी

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचायचं असतं, तर शेवट बदलला असता.

मार्च १८८४. वॉशिंग्टन. भर दुपार.

मी सभागृहाच्या सज्जात, बायकांच्या बाकावर. खाली माझा मामा, खासदार ओबडाया फेनविक.

आमच्या गावाला नदीकाठी बांध घालून द्यायचा की नाही, यावर त्या दिवशी मतदान होतं. मिसिसिपी आमच्या गावाच्या उशाशी निजते. तिने कूस बदलली की घरं जातात. माझं घर सगळ्यांत खाली. घरी पाळण्यात माझी लेक.

अडचण एकच होती. बांधाच्या विरोधातला खासदार कर्नल प्रुइट तापाने फणफणून गावी गेला होता आणि जाताना मामाशी 'जोडी' लावून गेला होता. म्हणजे, तो परत येईपर्यंत मामानेही मत द्यायचं नाही. सभागृहाचा जुना रिवाज. सगळा शब्दावर चालतो.

पण सकाळीच तार आली होती. प्रुइट वारला.

"सुटलो गं, थर्झा," मामा जिन्यात म्हणाला होता. "मेलेल्याशी कसली जोडी?"

"मग मोठ्याने 'हो' म्हण. मला वर ऐकू आलं पाहिजे."

"मतं मागताना तर नदीपलीकडे ऐकू जातो मी."

कारकून नावं पुकारू लागला...

मामाचं नाव आलं. तो उठला.

शेजारी प्रुइटची खुर्ची. काळ्या कापडाने झाकलेली.

तिथून कोणीतरी खाकरलं...

ओलं. छातीत कफ दाटलेलं.

मामाचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या कोटाचा खांदा दबला. बोटं रुतावीत तसं कापड चुरगळलं...

हात मात्र नव्हता.

"माझी... माझी कर्नल प्रुइटशी जोडी आहे."

सभागृह खो खो हसलं. "अहो फेनविक, त्यांना पुरायला निघालेत लोक," कोणीतरी म्हणालं.

मामा खाली बसला.

मतं सारखी झाली. सारखी झाली की ठराव पडतो.

बाहेर मी त्याला गाठलं.

"शब्द दिला होता गं," तो पुटपुटला. "त्याने तो परत दिला नाही."

"आणि गावाला काय दिलं होतंस? रताळी?"

तो खांदा चोळत निघून गेला.

एप्रिलमध्ये नदी आली. पाळणा झाडात अडकलेला सापडला...

रिकामा.

मामा पुढेही निवडून येत राहिला. बांधाचा विषय निघाला की उठायचा, तेच वाक्य बोलायचा आणि बसायचा. मरेपर्यंत.

त्याच्या जागी आता माझा भाऊ एसा आहे. बांधाच्या वचनावरच निवडून आला. मतदान आटोपून काल घरी आला. टोपी मांडीवर घेऊन बसला. कोटाचा खांदा चुरगळलेला.

"ताई, मी 'हो' म्हणायलाच उठलो होतो गं..."

पुढचं मी विचारलं नाही.

आमच्याकडे बाईला मत नाही. मेलेल्या पुरुषाला आहे.

बाहेर पाणी चढतंय.