मगर नव्हे!

"थांबा, विनोदभाऊ! तो दगड फोडू नका!" दिव्यानी धावत धावत ओरडली.

रस्त्याच्या कामावरचा मुकादम विनोद हसला. "अवो, मगरीचं डोकं हाय ते, दगड झालेलं. अशा मगरी नदीत ढिगानं हायेत! ट्रॅक्टर आला का जाईल रस्त्याच्या गिट्टीत, खडी होऊन."

सुट्टीत दिव्यानी चंद्रपूरहून सिरोंच्याजवळ मामाच्या गावी आली होती. नाल्याकाठी खोदताना निघालेलं ते लांबलचक तोंड तिला सकाळीच दिसलं होतं. जबड्यात दातसुद्धा शाबूत!

मामेभाऊ लच्छू मात्र उकिडवा बसून त्यावर बोट फिरवत होता.

"दिव्यानी, हे मगर नाई!" तो एकदम म्हणाला. "मगर पाण्यात लपली का तोंडाचं टोक वर ठेवते. काऊन? नाकपुड्या तिथी असतात! याच्या पाह्य, पार डोळ्यापाशी!"

दिव्यानीने लगेच फोन काढला. तिने फोटो काढला. शेजारची सोमारी फोन घेऊन टेकडीवर पळाली. रेंज तिथेच मिळायची. सिरोंच्यात मामाच्या ओळखीच्या, जीवाश्म अभ्यासणाऱ्या अन्नपूर्णाबाई उतरल्या होत्या. फोटो पाठवताच त्यांचं उत्तर आलं, 'हलवू देऊ नका. दोन तासांत पोचते.'

"पण ट्रॅक्टर तर तासाभरात येतो!" दिव्यानी रडकुंडीला आली.

सोमारीने शेजारच्या मैदानाकडे पाहिलं. तिच्या आईचे तेंदूपत्त्याचे, विडीच्या पानांचे, पुडके तिथे वाळत होते. आईला विचारून तिघांनी ते उचलले आणि दगडाभोवती ओळीने मांडले.

ट्रॅक्टर आला आणि थबकला.

"याच्यावरून नाई नेत मी!" ड्रायव्हर दसरू म्हणाला. "वर्षाची कमाई हाय ती, गाव तुडवन मले!"

"उचला ते पुडके!" विनोद खेकसला.

"उचलतो ना, भाऊ," सोमारी नम्रपणे म्हणाली आणि एकेक पुडका फुलासारखा उचलू लागली. "पान फाटलं तर माय रागावते!"

अर्धी ओळ उचलून व्हायच्या आतच जीप आली. अन्नपूर्णाबाई दगडापाशी गुडघ्यांवर बसल्या.

"फायटोसॉर! बावीस कोटी वर्षांपूर्वीचा, ट्रायासिक काळातला सरपटणारा प्राणी. दिसायला हुबेहूब मगर, पण घराणं वेगळं. नाकपुड्यांवरूनच ओळखतात. कुणी ओळखलं?"

दिव्यानीने लच्छूला पुढे ढकललं.

"मी पुस्तकात नाई वाचलं," तो पुटपुटला. "मगरी पाह्यतो ना रोज."

"शास्त्रज्ञही पाहूनच शिकतात, बाळा!" बाईंनी वही उघडली. "विनोदभाऊ, हा दगड आता या तिघांच्या राखणीत!"

मुकादमाने मान डोलावून ट्रॅक्टर मागे घ्यायला सांगितलं. बाईंनी लिहिलं: 'वर्ग: सरीसृप. गट: फायटोसॉर. प्रथम ओळखणारा: लच्छू, इयत्ता सातवी. वाचवणाऱ्या: सोमारी आणि दिव्यानी.'